उपाशी स्टोव्ह

स्टोव्हच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. बाकीच्या विषयांत शिकवा, मी ऐकून घेईन, निदान मान तरी हलवीन. पण वात, पंप, बर्नर, धूर आणि भडका हा माझा प्रांत आहे. उमेदीच्या काळात मी पंपाचा स्टोव्ह असा काही पेटवायचो, की त्याची घरघर ऐकून वलगावच्या स्टँडवरची माणसं परतवाड्याची गाडी आली म्हणून पिशव्या उचलायची. एकदा तर ज्योत इतकी निळी झाली, की तिवश्याहून आलेल्या माझ्या मेहुण्यानं आपला पांढरा सदरा नीळ द्यायला तिच्यावर धरला! खोटं वाटत असेल तर शालिकरामला विचारा. शालिकराम हा माझा लहानपणापासूनचा दोस्त. शेषराव, म्हणजे मी, सांगतो ते सगळं खोटं असतं, असं तो कुठंही शपथेवर सांगायला तयार असतो. म्हणजे त्याला सगळं माहीत आहे, हे आपोआपच सिद्ध होतं.

तर असा हा माणूस म्हातारपणी एका टीचभर स्टोव्हपायी कसा तोंडावर पडला, त्याची ही हकीकत.

आमची नात आचल अमरावतीला नोकरी करते आणि सुटी आली की पाठीवर बिऱ्हाड बांधून डोंगर चढते. घर पाठीवर घेऊन फिरणारा प्राणी मी तोवर एकच पाहिला होता, तो म्हणजे गोगलगाय. पण पोरीनं फोनमधले फोटो दाखवले आणि माझं कुतूहल चाळवलं. ते तंबू, ती बोटाएवढी बॅटरी, उशीत घडी होणारी गादी! यावेळी त्यांची टोळी गाविलगडाकडे निघाली होती. वर चिखलदऱ्याजवळ ओळखीच्या एका कास्तकाराच्या वावरात मुक्काम, पहाटे किल्ला. मी म्हटलं, मीही येतो.

आचलनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला माझ्या पायांची काळजी नव्हती. पाय माझे अजून उसासारखे आहेत, जरा वाकडे पण रसरशीत. तिला काळजी होती माझ्या चहाची. पहाटे चारला मला चहा लागतो. नाही मिळाला तर मी गोष्टी सांगायला सुरुवात करतो. तंबूत झोपलेल्या पोट्ट्यांना चार वाजता माझ्या गोष्टी ऐकाव्या लागल्या तर पुढच्या खेपेला तिला कोणी बरोबर घेणार नाही, असं तिनं स्पष्टच सांगितलं.

"हे पाहा आबाजी," ती म्हणाली, "जीपमधे एकच सीट रिकामी हाय. तिकडं काड्या-कुड्या पेटवता येत नाही, जंगल लागून हाय. ज्यानं त्यानं आपला स्टोव्ह आनाचा, आपल्याच पाठीवर. शुक्रवारी संध्याकाळी आमी सारे इथं येऊन बॅगा पाहू. बॅगेतल्या स्टोव्हवर माह्यासमोर जो चहा करून दाखवीन, ती सीट त्याची. मंग कोनी काई बोलाचं नाई."

"कबूल!" मी म्हटलं आणि शालिकरामला पंच नेमलं.

स्वयंपाकघरातून मनकर्णा, म्हणजे आमची मंडळी, हात पुसत बाहेर आली. तिच्या बांगडीला कायम पिनांचा एक घोस लटकलेला असतो. साडीची पिन, काटा काढायची सुई, दातकोरणं आणि आणखी काय काय, देव जाणे. ती चालली की सर्जाराजाची जोडी आल्यासारखी छुन्नछुन्न ऐकू येते.

"मी काय म्हनते," ती म्हणाली, "तिकडं देवीचं ठानं हाये म्हनतात."

"हाये ना. पन चढ लय हाये. तुह्ये गुडघे…"

"माह्ये गुडघे काय म्हनतात थे मले मालूम हाये," ती म्हणाली आणि वांगी चिरायला आत गेली. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीत कुंदनच्या दुकानात हजर. हा कुंदन पूर्वी शाळेची दप्तरं आणि रेनकोट विकायचा. आता डोंगरात जायचा सगळा सरंजाम ठेवतो. मी खिशात आमच्या बागेतली संत्री घेऊन गेलो होतो. खायला नव्हे, तोलायला. उभा जन्म संत्र्यांत गेला. एका हातात संत्रं असलं की दुसऱ्या हातातल्या वस्तूचं वजन मला काट्यापेक्षा नेमकं कळतं.

कुंदननं टेबलावर एक वस्तू ठेवली. मिटलेली असताना ती मुठीत मावत होती. उघडली की उताण्या पडलेल्या नाकतोड्यासारखे तीन पाय वर! खाली गॅसचा लहानसा डबा फिरवून बसवायचा, वर नाकतोडा, त्याच्या पायांवर पातेली. मी संत्रं हातात घेऊन तोललं. मध्यम संत्रं, तेही साल काढून! मला तर गुदगुल्या व्हायला लागल्या. एवढ्याशा किड्यावर चहा होतो? मी कुंदनला विचारून विचारून हैराण केलं. वारा आला तर काय करायचं? त्यासाठी घडीचा पत्रा मिळतो, भोवती उभा करायचा. माकडानं पळवला तर? मग माकड चहा करून पील, असं कुंदन म्हणाला. मग त्यानं दुसरा प्रकार दाखवला. शाईच्या दौतीएवढी पितळी डबी, तिच्यात स्पिरिट ओतायचं आणि काडी लावायची. वजन संत्र्याच्या चार फोडी! तिसरा होता भोकं पाडलेला डबा, काटक्या घालून पेटवायचा. पण काटक्यांना बंदी, म्हणून तो बाद.

मी नाकतोडा निवडला. कुंदननं दुकानातच पेटवून दाखवला. ज्योत अशी निळी, की मला मेहुण्याच्या सदऱ्याची आठवण झाली. "घेऊन जा काका, पसंत नाई पडला तं वापस आना," तो म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत, आपण काय बोलून बसलो ते!

घरी आल्यावर मी तो ओट्यावर पेटवून मनकर्णेला दाखवला. कुठली कळ फिरवायची, काडी कशी धरायची, सगळं समजावलं. तिनं कौतुकानं पाहिलं. मग मी तो विझवला आणि शालिकरामला बोलवायला गेलो. आता शालिकरामकडे गेलं की उठायला वेळ लागतो, कारण एक खोटं तो सांगतो, त्यापेक्षा मोठं मला सांगावं लागतं. त्याला घेऊन परतलो तर स्टोव्ह स्वच्छ पुसून, हळदीकुंकवाची बोटं लावून पाटावर ठेवलेला. त्यात मला काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे मिक्सरपासून मोबाइलपर्यंत नवी वस्तू हळदीकुंकवाशिवाय घरात नांदत नाही.

"पाहा आता, कसा पेटते!" मी म्हटलं आणि काडी लावली.

फुस्स. पिवळी शेंडी उठली, दोनदा खोकली आणि गेली. पुन्हा काडी. पुन्हा फुस्स. शालिकराम शांतपणे म्हणाला, "यानं चहा कराचा म्हंजे लेका, आज ठेवलेला चहा नातवाच्या लग्नात पिशीन."

मी तडक कुंदनकडे. त्यानं पीस बदलून दिला, माझ्यासमोर पेटवला, निळाशार! घरी आणला, पेटवून पाहिला, निळाशार! आंघोळ करून आलो, फुस्स! म्हणजे दुकानात चालतो, घरात एकदा चालतो आणि मग अचानक संन्यास घेतो. हे काय गौडबंगाल?

इथून पुढं माझी झोप उडाली. अहो, बिघडलेली वस्तू बिघडलेलीच असते. पण ही वस्तू मी पाठ फिरवली की बिघडत होती! मी आणि शालिकराम ओसरीवर बसून खल करू लागलो. त्याचं म्हणणं, वलगावात बोलणारी माणसं जास्त झाली, हवा वापरून वापरून पातळ झाली, ज्योतीला पुरत नाही. म्हणून आम्ही स्टोव्ह बागेत नेला. तिथं संत्र्याच्या झाडाखाली माणूस नाही, बोलणं नाही. तिथंही फुस्स. मग म्हणाला, तोंड कोणत्या दिशेला आहे? आम्ही स्टोव्ह चारही दिशांना फिरवला, जमिनीवर पालथं झोपून त्याच्या पोटात डोकावलो. तेवढ्यात आमचा गडी बांधावरून गेला. दोन म्हातारे एका नाकतोड्यापुढे साष्टांग घातलेले पाहून त्यानंही चप्पल काढून नमस्कार केला. शेवटी शालिकरामनं निदान केलं, की कोणाची तरी नजर लागून राहिली. आम्ही त्याला लिंबू बांधलं. आता त्याचं वजन दीड संत्रं झालं, बाकी फरक नाही.

मग मी पितळी दौत आणली. तिच्यात ना कळ ना भोक; बिघडायला काही नाहीच! डबी ओट्यावर ठेवून मी ओसरीवर जरा पेपर वाचला. आत येऊन, आत न पाहताच, स्पिरिट ओतलं आणि काडी लावली तर तडतड, चरचर आणि घरभर असा वास सुटला, की शेजारच्या केशरबाई खिडकीतून विचारत्या झाल्या, "पेढे करून राहिल्या काय वं मनकर्णाबाई?"

खव्याचा वास! स्पिरिटच्या डबीतून! मी डबी उलटी केली, तळाशी पिवळसर खरपुडी. चाखून पाहिली. खवाच. चांगला होता.

आता माझ्यातला शोधक पेटला. (माझ्यातलंच काहीतरी पेटत होतं त्या आठवड्यात.) कुंदनकडून पुन्हा एक नाकतोडा आणला. कुंदन आता मला पाहिलं की आधी पाणी प्यायचा. घरी आल्यावर स्टोव्ह पेटवून दाखवला, विझवून ओट्यावर ठेवला, मोठ्यानं जांभई दिली आणि मधल्या खोलीतल्या खाटेवर तोंडावर पेपर घेऊन पडलो. पेपरला अगोदरच बोटानं भोक पाडलं होतं. घोरायलाही सुरुवात केली. माझं घोरणं खोटं असलं की जास्त खरं वाटतं.

छुन्नछुन्न आवाज आला. मनकर्णेनं ओट्यावरची जागा पुसली. छोटी रांगोळी काढली. नाकतोडा पूर्वेकडं तोंड करून ठेवला, आता नाकतोड्याचं तोंड तिनं कसं ओळखलं ते मला विचारू नका. हळदीकुंकू वाहिलं. मग लहान गंजात, म्हणजे आमच्याकडच्या पातेल्यात, काठोकाठ दूध भरून त्याच्यावर ठेवलं, मी शिकवल्याप्रमाणे झकास पेटवला आणि हात जोडून उभी राहिली. दूध तापलं, वर आलं, फुगलं, काठावरून खाली उतरलं आणि नाकतोड्याच्या डोक्यावरून, पायांवरून, पोटात, सगळीकडं अभिषेक! मनकर्णेच्या चेहऱ्यावर असं समाधान, जसं पोराला पोटभर जेवू घातलं.

मी पेपरासकट उठलो. "अवं, हे काय करून राहिली?"

"काय म्हंजे? दूध उतू घालून राहिली," ती म्हणाली. जराही दचकली नाही.

"सगळ्या स्टोव्हांवर घातलं?"

"मंग! नवी चूल घरात आली तं पयलं दूध उतू नाई घालाव लागत? नाई तं चूल उपाशी राह्यते. ज्या घरची चूल उपाशी, त्या घरचा मानूस उपाशी."

"आनी त्या दौतीत?"

"तिच्यावर गंज बसेना. म्हून तिच्यातच घातलं."

मी कपाळाला हात लावला. "मले सांगाचं तं होतं!"

"तुमी इचारलं कवा? तुमी तं वावरात जाऊन पालथे पडले होते." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "तुमी तो पंपाचा स्टोव्ह आनला होता, तवा तुमच्या मायनं माह्या हातानं असंच दूध उतू घातलं होतं. तवापासून या घरात कवा चूल थंडी राह्यली काय? आनी तुमी डोंगरावर जानार, या उमरीत, उपाशी चुलीवरचा चहा पिऊन? मी नाई जाऊ देत."

आईचं नाव आलं, उमर आली, काळजी आली. तिन्ही एकदम आल्यावर वऱ्हाडातला कोणताही नवरा हात टेकतो.

पण शुक्रवार तोंडावर आला होता, जीपमधली सीट एकच होती, आणि प्रश्न आता नव्यानं उभा राहिला: दूध उतू गेलं तरी चालेल असा हलका स्टोव्ह कोणता? मी डब्यावरच्या नंबरवर कंपनीला फोन लावला. तिकडून एक गोड आवाजाची मुलगी हिंदीत बोलली.

मी विचारलं, "बाई, आपके शेगडी पे दूध उतू गया तो चलता क्या?"

ती म्हणाली, "सर, आँच धीमी रखिए, दूध नहीं गिरेगा।"

"नहीं नहीं, गिराने का ही है।"

"जी?"

"मुद्दाम गिराने का है। पूरा। पूरब की तरफ।"

मग ती म्हणाली, आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है, आणि गाणं सुरू झालं. ते गाणं मी पुष्कळ ऐकलं. चाल चांगली होती, पण शेवटपर्यंत माणूस काही आला नाही.

मग मी माझं ठेवणीतलं डोकं काढलं. कुंदनकडून एकसारखे दोन नाकतोडे आणले. एक मनकर्णेच्या हातात दिला, "घे, घाल याले पोटभर दूध," म्हणून. दुसरा गुपचूप कोठीच्या खोलीत संत्र्याच्या पेटीत, तणसाखाली पुरला. शुक्रवारी जेवलेला स्टोव्ह आत, उपाशी बाहेर! कोणाला कळणार? देवालासुद्धा दोन नाकतोड्यांतला फरक कळला नसता. मी स्वतःवर इतका खूष झालो, की शालिकरामलासुद्धा सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याला खोटंच वाटलं असतं म्हणा.

शुक्रवारी संध्याकाळी ओसरी भरली. आचल आणि तिची टोळी, पाठीवर ते बिऱ्हाड. पंच शालिकराम खुर्चीवर, पायावर पाय. केशरबाई खव्याच्या आशेनं दारात. मी कोठीतून नाकतोडा काढून आणला होता. चकाकत होता गडी. बॅगेतून तो काढला, डबा फिरवला, भोवती वाऱ्याचा पत्रा उभा केला, पातेलीत पाणी घातलं. आणि दोन शब्द बोललो. म्हणजे बरेच बोललो. ज्योत कशी ओळखावी, मेहुण्याचा सदरा, परतवाड्याची गाडी… आचल म्हणाली, आबाजी, पेटवा.

मी काडी लावली.

फुस्स.

मी दुसरी काडी ओढली. पिवळी शेंडी, खोकला, अंधार. मी घाईघाईनं आतून दुधाचा नाकतोडा आणला, न जाणो, त्याला दूध मानवलं असेल! फुस्स. दोन नाकतोडे पाय वर करून माझ्यापुढं पडलेले आणि त्यांच्यापेक्षा माझीच अवस्था वाईट.

मी मनकर्णेकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भोळा भाव.

"तो पेटीतला," मी हळूच विचारलं, "तुले सापडला काय?"

"हो ना," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "देवापुढं ठेवाले संत्रं पाहाले गेली, तं हा बिचारा तनसात उपाशी पडला होता. म्हटलं, एकाले जेवू घातलं नि दुसऱ्याले कावून नाई? त्याच्यावर डबल उतू घातलं."

टोळी खो खो हसत सुटली. शालिकराम खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला, कारण हसताना त्याला उभं राहता येत नाही. आचलनं ओठ आवळून धरले होते. "मंग आबाजी?" ती म्हणाली. "आता सीट…"

"हटा जरा," मनकर्णा म्हणाली.

ती माझ्यापुढं बसली. बांगडीचा घोस समोर धरला, त्यातली साडीची पिन बाजूला सारली, सुई बाजूला सारली आणि शेवटी एक पत्र्याची बारीक पट्टी काढली. तिच्या टोकाला केसाएवढी तार. ज्या ज्या घरात पंपाचा स्टोव्ह होता त्या त्या घरातल्या माणसाला ती पट्टी झोपेतही ओळखता येईल. स्टोव्हची पिन! तिनं नाकतोड्याची मुंडी काढली, भोकात तार दोन-चारदा आत-बाहेर केली, फुंकर मारली, पदरानं पुसलं, मुंडी बसवली आणि काडी लावली.

घर्रर्र! निळीशार ज्योत! कोणाचा सदरा हाताशी असता तर मी खरंच वर धरला असता.

पाणी उकळलं, पत्ती पडली, दूध पडलं. यावेळी ते पातेलीतच राहिलं. इवल्याशा पातेलीतला चहा तिनं बशीबशीनं सगळ्यांना घोट घोट दिला, केशरबाईंनाही. मला शेवटी.

बशी हातात घेऊन मी कसंबसं विचारलं, "अवं, तुह्यापाशी पिन होती तं मंग इतके दिवस बोलली कावून नाई?"

"तुमीच म्हनता ना, स्टोव्हच्या बाबतीत मले कोनी शिकवू नोका," ती म्हणाली. "मंग मी कावून शिकवू?"

चहा फार गोड होता. मी बशीत फुंकर मारत राहिलो.

आचलनं बशी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत एक विचार आलेला मला दिसला आणि मी घाईनं म्हटलं, "झालं ना? बॅग माही, स्टोव्ह माहा, चहा झाला. सीट माही!"

"आबाजी," ती सावकाश म्हणाली, "माह्यासमोर जो चहा करून दाखवीन, ती सीट त्याची. असंच ठरलं होतं ना? पंच, सांगा."

मी शालिकरामकडं पाहिलं. त्या नजरेत आमची लहानपणापासूनची दोस्ती होती. शालिकरामनं ती पाहिली, गळा साफ केला आणि म्हणाला, "पंच म्हून बसलो तं खरं बोलाच लागते. सीट मनकर्णा वहिनीची." आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला, तेही नेमकं त्या दिवशी!

मी पेटून उठणार होतो. तिचे गुडघे, चढ, थंडी, सगळं ओठांवर आलं होतं. पण ती त्या निळ्या ज्योतीकडं पाहत बसली होती. मग कोणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "लगन झालं तवापासून आयकून राहिली, चिखलदरा चिखलदरा. अंगनातून तो डोंगर दिसते. कवा कोनी म्हटलं नाई, चाल म्हून."

आमच्या अंगणातून, आभाळ साफ असलं की, उत्तरेला तो डोंगर खरंच दिसतो. मी रोज पाहतो. ती रोज पाहते हे मला माहीत नव्हतं.

मी कळ फिरवून नाकतोडा विझवला, थंड झाल्यावर मिटला आणि तिच्या हातात ठेवला. "मध्यम संत्रं हाये, सालीबगर," मी म्हटलं. "गुडघ्यावर वजन नाई पडनार."

शनिवारी सकाळी ती गेली. नऊवारीखाली आचलचे जुने बूट, पाठीवर बॅग. मी बॅग तोलून पाहिली, डझनभर संत्र्यांपेक्षाही हलकी. पोरं म्हणाली, आजीइतकी हलकी बॅग आमच्यात कोणाचीच नाही. ती जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली आणि हात हलवला. छुन्नछुन्न.

आणि मग मला एक शंका आली. ती दुधाचं सगळं खरंच चुलीच्या पोटासाठी करत होती, की ती सीट… पण जीप वळणापलीकडं गेली होती. विचारायला कोणी उरलं नव्हतं. अजूनही विचारलेलं नाही. काही गोष्टींचं कुतूहलच बरं.

रविवारी पहाटे चारला मी सवयीनं उठलो. घरच्या गॅसवर चहासाठी दूध ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला. वर डोंगरावर सगळे उठलेले दिसले. आचलनं फोटो पाठवला होता. पहाटेच्या उजेडाआधी तंबूच्या दारात मनकर्णा बसलेली, डोक्यावर पोरांची लोकरीची टोपी, पुढं नाकतोडा आणि त्याच्यावरून भळभळा उतू चाललेलं दूध. खाली आचलनं लिहिलं होतं, 'आजी म्हणते, नवी जागा आहे, इथंही एकदा घालावं लागतं.' सगळी पोरं हात जोडून उभी! आणि मनकर्णा कशी हसत होती. मी फोटो जवळ घेतला, लांब धरला, चष्मा लावून पाहिला. अशी ती कधी हसली होती ते आठवत उभा राहिलो…

चर्रर्र!

वळून पाहतो तर घरचं दूध सगळं गॅसवर. शेगडीवरून, बर्नरातून, ओट्यावरून खाली. मी धावलो, पातेलं उचललं, ओटा पुसला, पुन्हा कळ फिरवली.

फुस्स.

दुसरा बर्नर, फुस्स. भोकं गच्च. मी पिन शोधायला हात पुढं केला आणि आठवलं. पिन बांगडीत, बांगडी डोंगरावर.

शेवटी अंधारातच शालिकरामचं दार वाजवलं. त्यानं डोळे चोळत विचारलं, "काय गा शेषराव, एवढ्या सकायी? घरी चहा नाई काय?"

"नाई गा," मी म्हटलं, "आमच्या चुलीचं पोट भरलं हाये. घरात उपाशी तेवढा मीच राह्यलो."